काकांनी ‘501/-’ लिहिलं तरी प्रोग्रॅम पडू नये: चुकीचा इनपुट एक्सेप्शनने कसा हाताळायचा

गणपती जवळ आले की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये वर्गणीची पावती पुस्तकं बाहेर पडतात. हल्ली त्यांच्या जोडीला कुणाचा तरी लॅपटॉपही टेबलावर येतो. नुकतंच पायथन शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सांगितलं जातं, “एक छोटा प्रोग्रॅम करून दे ना. नाव, फ्लॅट आणि रक्कम टाकली की एकूण जमा दिसली पाहिजे.” प्रोग्रॅम तासाभरात तयार होतो आणि घरी छान चालतो, कारण घरी तो लिहिणाराच चालवत असतो. रकमेच्या जागी फक्त 501 टाइप करायचं हे त्याला माहीत असतं. संध्याकाळी टेबलावर बसलेले काका मात्र आयुष्यभर पावतीवर लिहीत आले तसं 501/- लिहितात. पडद्यावर पाच-सहा इंग्रजी ओळी येतात आणि प्रोग्रॅम बंद पडतो. तोवर भरलेल्या नोंदी फक्त मेमरीत असतील तर त्याही जातात.

काकांनी वावगं काहीच केलेलं नाही. अशा वेळी प्रोग्रॅमने काय करायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायला हवं होतं, आणि ते कसं ठरवायचं तेच इथे पायरीपायरीने पाहू. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारत राहा: ही चूक दुरुस्त कोण करू शकतं? ज्याला ती दुरुस्त करता येईल त्याच्यापर्यंत चूक नेऊन पोचवणं, एवढंच एक्सेप्शनचं (चालताना काही अडलं की पायथन देतं त्या इशाऱ्याचं) काम आहे.

कोडबद्दल एक सूचना. इथला कोड वाचायला सोपा जावा म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. टाइप करताना डेफ, ट्राय, इंट, प्रिंट हे पायथनचे स्वतःचे शब्द नेहमीच्या रोमन लिपीतच लिहा. व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लासची तुमची नावं देवनागरीत ठेवलीत तरी पायथन 3 ला चालतात.

## आधी प्रोग्रॅम मुद्दाम पाडा

सुरुवात या दोन ओळींपासून करा.

    मजकूर = इनपुट("वर्गणी किती? ")
    रक्कम = इंट(मजकूर)

चालवा आणि 501/- टाइप करा. जी एरर येते तिला ट्रेसबॅक म्हणतात, आणि ती खालून वर वाचायची असते. सगळ्यात खालची ओळ अशी असेल:

    व्हॅल्यूएरर: इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट() विथ बेस 10: '501/-'

यातला पहिला शब्द एक्सेप्शनचा प्रकार सांगतो आणि शेवटचा भाग इंटला नेमकं काय मिळालं ते दाखवतो. इनपुट नेहमी मजकूरच देतो, त्याचा आकडा करणं इंटचं काम. आकडा करता आला नाही की इंट व्हॅल्यूएरर फेकतं. ती पकडणारं कुणी नसेल तर प्रोग्रॅम तिथेच संपतो.

आता वेगवेगळं टाइप करून पाहा. रिकामा एंटर दिला तर व्हॅल्यूएरर येते, 501.00 दिलं तरी येते, 1,001 मधल्या स्वल्पविरामानेही येते. पण आकड्याच्या मागेपुढे स्पेस असली तर चालते. आणि मराठी कीबोर्डवरून ५०१ टाइप केलं तर? तेही चालतं, इंट त्याचा 501 करून देतं. पायथनला देवनागरी अंक कळतात आणि त्यासाठी वेगळी एक ओळही लिहावी लागत नाही. मराठीतून नोंदी घेणाऱ्यांसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, तरी आपल्याकडच्या वर्गांत ती क्वचितच सांगितली जाते.

अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणून शिकत असाल तर ते पायथन 2 चं नाही ना, हे आधी बघा. त्या आवृत्तीत इनपुट हे फंक्शन टाइप केलेला मजकूर थेट पायथनचा कोड म्हणून चालवायचं. पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. मजकूर असाच कोड म्हणून चालवणारं इव्हॅल फंक्शन आजही इनपुटला लावू नका. आकडा हवा असेल तर इंट वापरा.

## ट्रायमध्ये कमीत कमी ओळी

पहिली दुरुस्ती अशी:

    व्हाइल ट्रू:
        मजकूर = इनपुट("वर्गणी किती? ")
        ट्राय:
            रक्कम = इंट(मजकूर)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            प्रिंट("रक्कम आकड्यांत लिहा. उदा. 501")
        एल्स:
            ब्रेक

ट्रायमधली ओळ फसली की पायथन एक्सेप्टमध्ये जातं, सूचना छापतं, आणि लूप पुन्हा वर जाऊन तोच प्रश्न विचारतो. ओळ यशस्वी झाली तर एल्समध्ये जाऊन बाहेर पडतो. ट्रायला एल्स जोडता येतो हे नव्याने शिकणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं. पण त्यामुळेच ट्रायमध्ये फसू शकणारी एकच ओळ ठेवता येते.

ही एकच ओळ ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे. सवय अशी असते की इनपुट घेणं, आकडा करणं, बेरीज करणं, फाईलमध्ये लिहिणं हे सगळंच ट्रायच्या पोटात घालायचं आणि खाली एक एक्सेप्ट व्हॅल्यूएरर लावायचं. मग काय होतं पाहा. समजा विंडोजवर फाईल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, सांगितलं नाही. बऱ्याच मशिनवर पायथन तेव्हा असं जुनं एन्कोडिंग धरतं ज्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. नाव मराठीत असलं की फाईलमध्ये लिहिताना युनिकोडएन्कोडएरर येते, आणि ही एरर व्हॅल्यूएररचीच पोटजात आहे. म्हणजे तुमचं एक्सेप्ट तिलाही पकडतं. काकांनी रक्कम अगदी बरोबर 501 टाकलेली असते आणि प्रोग्रॅम त्यांना सांगत बसतो, “रक्कम आकड्यांत लिहा.” ते पुन्हा 501 टाकतात, पुन्हा तेच उत्तर मिळतं. खरी गडबड नावात आणि फाईलच्या एन्कोडिंगमध्ये आहे, ती काकांना कितीही वेळा टाइप करून दुरुस्त करता येणार नाही. आणि कोड लिहिणाऱ्याला ती दिसणारही नाही, कारण एक्सेप्टने ती गिळून टाकली.

फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे असं स्पष्ट सांगा आणि फाईलचं काम या ट्रायच्या बाहेर ठेवा. ती फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) असेल आणि पुढे एक्सेलमध्ये उघडायची असेल तर पायथनमध्ये ‘यूटीएफ-8-सिग’ हे एन्कोडिंग द्या, म्हणजे मराठी अक्षरं नीट दिसतील.

## एक्सेप्ट मोकळं सोडू नका

काही जण एक्सेप्टपुढे कोणत्याही प्रकाराचं नाव न देता नुसतं एक्सेप्ट लिहितात. सगळं पकडलं म्हणजे प्रोग्रॅम सुरक्षित झाला, असं त्यांना वाटतं. वरच्या लूपमध्ये इनपुटची ओळही ट्रायच्या आत घ्या, एक्सेप्ट मोकळं ठेवा आणि चालू प्रोग्रॅम कंट्रोल-सीने थांबवून पाहा. तो थांबणार नाही. कंट्रोल-सी दाबल्यावर कीबोर्डइंटरप्ट नावाचं एक्सेप्शन येतं, तुमचं मोकळं एक्सेप्ट तेही पकडतं, “रक्कम आकड्यांत लिहा” असं छापतं आणि परत विचारायला लागतं. शेवटी खिडकीच बंद करावी लागते.

पायथनमध्ये कीबोर्डइंटरप्ट हे ‘एक्सेप्शन’ नावाच्या क्लासच्या खाली मुद्दामच ठेवलेलं नाही, ते ‘बेसएक्सेप्शन’च्या खाली येतं. त्यामुळे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ असं लिहिलं तर कंट्रोल-सी निसटतं. पण ईओएफएरर निसटत नाही. इनपुट संपला की ही एरर येते: लिनक्सवर कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर. तपासणीसाठी नोंदी फाईलमधून पुरवल्या आणि फाईल संपली तरी तीच येते. ती लूपच्या आत पकडलीत तर प्रोग्रॅम तीच सूचना अखंड छापत सुटतो, कारण वाचायला काही उरलेलंच नसतं.

इनपुटची ओळ ट्रायच्या बाहेर ठेवायची ती यासाठी. ‘आता थांबायचं आहे’ हा निरोप रकमेच्या लूपला कळून उपयोग नाही, तो मुख्य प्रोग्रॅमपर्यंत गेला पाहिजे. तिथे, सगळ्यात बाहेर, ईओएफएरर आणि कीबोर्डइंटरप्ट हे दोन्ही एकत्र पकडा, एकूण जमा छापा आणि प्रोग्रॅम शांतपणे बंद करा.

## वाचणं वेगळं, विचारणं वेगळं

आता प्रोग्रॅमचे दोन भाग करू. एक फंक्शन मजकूर घेईल आणि आकडा देईल. त्याला कीबोर्ड माहीत नाही, पडदा माहीत नाही. दुसरं फंक्शन माणसाशी बोलेल. पहिल्याला रक्कम पटली नाही तर ते आपलं स्वतःचं एक्सेप्शन फेकेल.

    क्लास रकमेचीचूक(एक्सेप्शन):
        पास

    डेफ रक्कम_वाचा(मजकूर):
        साफ = मजकूर.स्ट्रिप()
        साफ = साफ.रिमूव्हप्रीफिक्स("₹")
        साफ = साफ.रिमूव्हप्रीफिक्स("रु.")
        साफ = साफ.रिमूव्हसफिक्स("/-")
        साफ = साफ.रिप्लेस(",", "")
        इफ साफ == "":
            रेझ रकमेचीचूक("रक्कम लिहायची राहिली.")
        ट्राय:
            रक्कम = इंट(साफ)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            रेझ रकमेचीचूक("रक्कम पूर्ण रुपयांत, आकड्यांत लिहा. उदा. 501") फ्रॉम नन
        इफ नॉट (1 <= रक्कम <= 100000):
            रेझ रकमेचीचूक("रक्कम 1 ते 1,00,000 या दरम्यान हवी.")
        रिटर्न रक्कम

    डेफ रक्कम_विचारा():
        व्हाइल ट्रू:
            मजकूर = इनपुट("वर्गणी किती? ")
            ट्राय:
                रिटर्न रक्कम_वाचा(मजकूर)
            एक्सेप्ट रकमेचीचूक ॲज चूक:
                प्रिंट(चूक)

रेझ म्हणजे आपण स्वतः एक्सेप्शन फेकणं. शेवटच्या ‘फ्रॉम नन’मुळे मूळ व्हॅल्यूएरर ट्रेसबॅकमध्ये सोबत येत नाही. इथे ती नकोच आहे, कारण सांगायचं ते आपल्या मराठी वाक्यात आलेलं आहे. रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स या दोन्ही पायथन 3.9 पासून मिळतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर स्टार्ट्सविथने तपासून कापा.

स्वतःचा क्लास कशाला, व्हॅल्यूएररच फेकली असती तर काय बिघडलं असतं? लहान प्रोग्रॅममध्ये चाललं असतं. पण मग पडद्यावर कधी आपलं मराठी वाक्य दिसेल आणि कधी पायथनचं ‘इनव्हॅलिड लिटरल’, कारण दोन्हींचा प्रकार एकच. रकमेचीचूक हा प्रकार फक्त आपण फेकतो. तो पकडला म्हणजे आत माणसाला दाखवण्याजोगं वाक्य असणारच, याची खात्री राहते.

त्या वाक्यांकडेही लक्ष द्या. ‘अवैध इनपुट’ असं लिहून काकांना काहीच कळत नाही. काय लिहायचं ते सांगा आणि एक नमुना द्या. ‘चूक’, ‘अमान्य’ हे शब्द शक्यतो टाळा. रांगेत चार माणसं उभी असताना टेबलावरच्या माणसाला हवी असते ती पुढची कृती.

## साफसफाई कुठवर करायची

इथे मोह आवरावा लागतो. ‘रु.’, ‘/-’, स्वल्पविराम एकेक करून काढण्यापेक्षा अंक सोडून बाकी सगळंच काढून टाकलं तर? कोड एका ओळीत होतो. पण मग 501.00 चे 50100 रुपये होतात. -501 चे मुकाट 501 होतात. कुणी ‘500-1000’ असं अंदाजाने लिहिलं तर पन्नास लाख एक हजार! यातल्या कशावरही इंट एक्सेप्शन फेकत नाही. शेवटचा आकडा निदान 1,00,000 च्या मर्यादेत अडतो, पहिले दोन आत शिरतात. रक्कम आकडाच असते, फक्त चुकीची, आणि ती विसर्जनानंतर हिशेब लागेना तेव्हा सापडते.

म्हणून ज्याचा अर्थ एकच निघतो तेवढंच काढा, तेही सुरुवातीचं सुरुवातीलाच आणि शेवटचं शेवटीच. जिथे दोन अर्थ निघू शकतात तिथे नकार देणं चांगलं. ‘पाचशे एक’ असं अक्षरी लिहिलं तर त्याचा आकडा करायच्या भानगडीत पडू नका, आकड्यांत मागा. स्वल्पविरामाचं मात्र मी थोडं धाडस केलं आहे. 1,001 आणि 1,00,000 आपण सर्रास लिहितो, तेव्हा ते घ्यायलाच हवेत. पण 501.50 च्या ऐवजी हात चुकून 501,50 पडलं तर 50150 होतील. यावर उपाय असा की रक्कम 10,000 च्या वर गेली की ती पुन्हा दाखवून विचारायचं: “50150 रुपये, बरोबर? हो / नाही.” मोठी रक्कम अशक्य नसते, कुणी आनंदाने तेवढी देईलही, त्यामुळे इथे एक्सेप्शन नको, खात्री हवी.

आणखी एक बारकावा: पायथन 3.6 पासून इंटला आकड्यांमधली अंडरस्कोअर चालते, म्हणजे 5_01 चेही 501 होतात. वर्गणीच्या टेबलावर हे कुणी टाइप करणार नाही, पण माहीत असावं.

आकड्यासारखं दिसतं ते सगळं इंटमध्ये घालू नका. फ्लॅट नंबर ‘बी-304’ असतो, कधी ‘12अ’. तो मजकूर म्हणूनच ठेवा, फक्त रिकामा नाही ना ते बघा. मोबाईल नंबरही मजकूरच, कारण त्याची बेरीज कुणी करत नाही. तिथे दहा अंक आहेत का आणि पहिला अंक 6 ते 9 मधला आहे का, एवढं पुरे. पिनकोडला सहा अंक, पहिला शून्य नाही. पुणे शहराचे 411 ने सुरू होतात, पण वर्गणी देणारा बाहेरगावचाही असू शकतो, तेव्हा 411 ची सक्ती नको.

## बरोबर प्रकारचा, पण चुकीचा आकडा

पैसे धरायचे म्हणून इंटच्या जागी फ्लोट (दशांश आकडा करून देणारं फंक्शन) वापरायचा विचार असेल तर एक सापळा आहे. फ्लोटला ‘नॅन’ हा शब्द रोमन अक्षरांत दिला तर ते एक्सेप्शन फेकत नाही, ‘नॉट अ नंबर’ अशी एक किंमत देतं. ही किंमत कशाहीपेक्षा लहान नाही आणि मोठीही नाही. तुम्ही ‘रक्कम 1 पेक्षा कमी किंवा 100000 पेक्षा जास्त असेल तर नाकारा’ असं लिहिलं असेल तर दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि नॅन आत शिरतं. एकदा ते बेरजेत गेलं की एकूण जमाही नॅन. वरच्या कोडमध्ये अट उलटी लिहिली आहे ती यासाठीच: जे हवं ते सांगायचं आणि त्यात न बसणारं सगळं नाकारायचं. या पद्धतीत नॅनही अडतं.

पैशांसाठी डेसिमल हा पायथनमधला दुसरा दशांश प्रकार जास्त योग्य, पण ते वापरलंत तर लक्षात ठेवा की वेडावाकडा मजकूर दिल्यावर ते व्हॅल्यूएरर फेकत नाही, इनव्हॅलिडऑपरेशन फेकतं. एक्सेप्टमधलं नाव बदलावं लागेल. वर्गणीसाठी मला पूर्ण रुपये आणि इंट हेच पुरेसं वाटतं.

शून्याचंही भान ठेवा. ‘सरासरी वर्गणी’ दाखवताना एकही नोंद झालेली नसेल तर झीरोडिव्हिजनएरर येते. सप्टेंबर 1997 मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘यूएसएस यॉर्कटाउन’ या युद्धनौकेवर डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरलं गेलं, पुढे त्या शून्याने भागाकार झाला आणि जहाजाची यंत्रणा कोलमडून ते काही तास समुद्रात उभं राहिलं. रकान्यात शून्य चालतं का, हा प्रश्न भरतानाच विचारायचा असतो. भागाकारापर्यंत पोचल्यावर उशीर झालेला असतो.

तारखेचं काम स्वतः करू नका. पायथनच्या डेटटाइम या तारखांसाठीच्या मॉड्यूलमधल्या स्ट्रिपटाइमला ‘31/09/2025’ दिलं तर सप्टेंबरला 31 तारीख नाही हे त्याला कळतं आणि व्हॅल्यूएरर येते. लीप वर्षाचं गणितही तेच सांभाळतं.

## फाईलची अडचण पुन्हा रक्कम विचारून सुटत नाही

प्रत्येक नोंद झाली की लगेच फाईलमध्ये जोडा, शेवटी एकदम लिहायचं ठेवू नका. मग एक नवीनच प्रसंग येतो: कोषाध्यक्षांनी तीच सीएसव्ही त्याच विंडोज लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडून ठेवलेली असते. पायथनला ती लिहिण्यासाठी उघडता येत नाही आणि परमिशनएरर येते. इथे रक्कम बरोबर आहे, नाव बरोबर आहे, ती पुन्हा विचारणं म्हणजे माणसाला उगाच त्रास. जतन करण्याच्या फंक्शनला स्वतःचा छोटा लूप द्या, परमिशनएरर तिथेच पकडा आणि छापा: “नोंदींची फाईल एक्सेलमध्ये उघडी आहे. ती बंद करून एंटर दाबा.” भरलेली नोंद हातात धरूनच ठेवा.

## जावा आणि सी प्लस प्लसवाल्यांसाठी

तत्त्व तेच, दोन खाचखळगे वेगळे. जावात स्कॅनरचं नेक्स्टइंट चुकीच्या मजकुरावर इनपुटमिसमॅचएक्सेप्शन फेकतं, पण तो मजकूर उचलत नाही. लूप पुन्हा फिरला की तोच मजकूर समोर, पुन्हा तेच एक्सेप्शन, आणि पडदा भरून वाहायला लागतो. सरळ मार्ग म्हणजे नेक्स्टलाइनने अख्खी ओळ घ्यायची, ट्रिम करायची आणि इंटिजर पार्सइंटला द्यायची. ते नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकतं. ट्रिम विसरू नका, पार्सइंटला मागेपुढे स्पेस चालत नाही. देवनागरी अंक मात्र त्यालाही कळतात.

सी प्लस प्लसमध्ये सीइन चुकीच्या मजकुरावर आपणहून एक्सेप्शन फेकत नाही, नुसता बिघाडाचा झेंडा लावून थांबतं. क्लिअरने तो झेंडा उतरवा आणि इग्नोरने उरलेली ओळ टाकून द्या, तरच पुढचं वाचता येतं.

## तपासणी

रक्कम_वाचा हे फंक्शन वेगळं केल्याचा मोठा फायदा इथे मिळतो. कीबोर्डवर काहीही न टाइप करता त्याला हवे ते मजकूर देता येतात. एक यादी करा: 501, ५०१, 501/-, रु. 501, 1,001 या सगळ्यांतून अपेक्षित आकडा आला पाहिजे. रिकामा मजकूर, नुसती स्पेस, 0, -501, 501.00, 500-1000, ‘पाचशे एक’ आणि वीस वेळा 9 या सगळ्यांवर रकमेचीचूक आली पाहिजे. दुसरा कोणताही प्रकार आला तर कुठेतरी भोक राहिलं आहे. पायटेस्ट हे तपासणीचं साधन वापरत असाल तर त्यातल्या ‘रेझेस’ने हे नेमकं तपासता येतं. नसाल वापरत, तर साधा फॉर लूपही पुरतो.

यादी पास झाली की लॅपटॉप अशा माणसापुढे ठेवा ज्याने हा प्रोग्रॅम पाहिलेला नाही, आणि त्याला काही समजावून सांगू नका. तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य बदला. त्याने टाइप केलेलं काही तुमच्या यादीत नसेल तर ते यादीत घाला आणि यादी पुन्हा चालवा.